अ‍ॅक्रिलिकवर फोटो प्रिंट चिकटवताना पद्धत कशी निवडावी: फेस माउंटिंगचे पायरीवार मार्गदर्शन

प्रिंटची दर्शनी बाजू पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीटच्या मागच्या अंगाला कायमची चिकटवणे याला फेस माउंटिंग म्हणतात. प्रदर्शनात अशी प्रिंट पाहिली की काळा रंग अधिक गडद, रंग अधिक भरलेले आणि चित्राला खोली आल्यासारखी वाटते, आणि आपलेही काम असेच दिसावे अशी इच्छा होते. त्यानंतर चौकशी सुरू केली की प्रत्येक लॅब आणि प्रत्येक फ्रेमवाला आपापल्या दुकानात जी पद्धत आहे तीच सर्वोत्तम असल्याचे सांगतो. या गोंधळातून मी गेलो आहे. प्रदर्शनासाठी किंवा घरातील मोठ्या भिंतीसाठी पहिल्यांदाच असे काम करून घेणाऱ्यांना निर्णय नेमका कोणत्या क्रमाने घ्यावा हे कळावे, यासाठी हा लेख लिहीत आहे. पद्धतीची निवड दुकानाच्या माहितीपत्रकावरून न करता आपल्या प्रिंटचा पृष्ठभाग पाहून करावी, हे माझे मुख्य सांगणे आहे.

चित्रात ती खोली का येते हे आधी समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. साध्या फ्रेममध्ये अ‍ॅक्रिलिक आणि प्रिंट यांच्यामध्ये हवा असते. प्रकाश अ‍ॅक्रिलिकच्या पुढच्या पृष्ठभागावरून, मागच्या पृष्ठभागावरून आणि चकचकीत प्रिंटवरून असा तीन ठिकाणी परावर्तित होतो. अशा प्रत्येक ठिकाणी साधारण ४ टक्के प्रकाश परततो आणि तोच काळ्या रंगावर राखाडी पडदा धरतो. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४९ आहे आणि चांगल्या पारदर्शक गमाचा किंवा सिलिकॉनचा त्याच्या जवळपास असतो. त्यामुळे मधली हवा काढून तेथे असा पदार्थ भरला की आतल्या दोन्ही ठिकाणांचे परावर्तन नगण्य होते आणि फक्त पुढच्या पृष्ठभागाचे उरते. याचा अर्थ असा की मध्ये कुठेही हवेचा सूक्ष्म थर राहिला तर तेवढ्या भागापुरता सगळा खर्च वाया जातो. पद्धतींमधला खरा फरक हा ती हवा किती पूर्णपणे जाते, यातच आहे.

१. प्रिंट परत सोडवता येणार नाही, हे गृहीत धरा

फेस माउंट केलेली प्रिंट अ‍ॅक्रिलिकपासून सुखरूप वेगळी करण्याचा भरवशाचा मार्ग नाही. पुढे अ‍ॅक्रिलिकला खोल ओरखडा गेला तर फ्रेममधल्या काचेसारखे ते बदलता येत नाही. हलका ओरखडा पॉलिश करून घालवता येतो, खोल ओरखडा तसाच राहतो. म्हणून ज्या छायाचित्राची डिजिटल फाइल किंवा निगेटिव्ह तुमच्याकडे सुरक्षित आहे आणि ज्याची तीच प्रिंट पुन्हा काढता येते, अशाच कामासाठी ही पद्धत वापरा.

आजी-आजोबांच्या लग्नाचा जुना फोटो, हाताने रंगवलेली प्रिंट, डार्करूममध्ये काढलेली एकमेव प्रिंट किंवा सही केलेली मूळ प्रत कधीही अशी चिकटवू नका. त्यांचे उत्तम स्कॅनिंग करून नवी प्रिंट काढा आणि ती माउंट करा. मूळ प्रत आम्लरहित कागदात ठेवा.

२. ‘अ‍ॅक्रिलिक फोटो’ म्हणून नेमके काय दिले जात आहे ते विचारा

बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खरे फेस माउंटिंग, ज्यात फोटोग्राफिक कागदावरची प्रिंट शीटला चिकटवलेली असते. दुसऱ्या वस्तूत फ्लॅटबेड यूव्ही प्रिंटरने अ‍ॅक्रिलिकच्या मागच्या बाजूवर थेट उलटी छपाई करून वर पांढरा थर दिलेला असतो. तिसऱ्या वस्तूत पारदर्शक चिकट विनाइलवर उलटी छपाई करून ते शीटला लावलेले असते. थेट छपाई टिकाऊ आणि स्वस्त असते, दुकानाच्या फलकाला किंवा कार्यालयाच्या भिंतीला ती योग्यही आहे. परंतु फोटोग्राफिक कागदावरच्या छटांची सलगता आणि सावल्यांमधला तपशील तिच्यात सहसा मिळत नाही. दरांची तुलना करण्यापूर्वी समोरची व्यक्ती यांपैकी कशाचा दर सांगत आहे हे स्पष्ट करून घ्या.

३. प्रिंटचा कागद आणि शाई ओळखा

सगळ्या निर्णयाचा पाया ही पायरी आहे, म्हणून तिला वेळ द्या.

लॅबमध्ये लेझरने प्रकाशित करून रसायनांत धुतलेली क्रोमोजेनिक प्रिंट, जिला बोलताना सी-प्रिंट म्हणतात, ती ग्लॉसी कागदावर असेल तर फेस माउंटिंगसाठी सर्वांत सोपी. तिचे रंग जिलेटिनच्या थराच्या आत असतात, पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत असतो आणि सर्व पद्धती तिच्यावर चालतात. पॉलिएस्टर आधारावरचा अतिचकचकीत कागद आणि मेटॅलिक कागद हेही याच गटात येतात.

इंकजेट प्रिंटच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. पिगमेंट शाई कागदाच्या पृष्ठभागावर बसते, त्यामुळे जिथे शाई जास्त तिथे आणि जिथे कोरा पांढरा भाग तिथे पृष्ठभागाची उंची आणि चकाकी वेगळी असते. हा फरक डोळ्याला क्वचितच जाणवतो, पण कोरड्या चिकट फिल्मला तो जाणवतो. शिवाय ताज्या इंकजेट प्रिंटमधून शाईतील द्रावके हळूहळू बाहेर पडत असतात. ती कोंडली गेली तर काही आठवड्यांनी बुडबुडे किंवा धूसरपणा दिसू लागतो. म्हणून प्रिंट निदान २४ तास, आणि पावसाळ्यात त्याहून बरीच जास्त वेळ, एकावर एक न रचता मोकळी सुकू द्या.

लस्टर, सिल्क, पर्ल अशा दाणेदार कागदांवर प्रत्येक दाण्याच्या खोलगटात हवा अडकते. तिरक्या प्रकाशात तिची चंदेरी झाक दिसते, विशेषतः गडद भागात. मॅट आणि सुती कागदांचा तर येथे विचारच करू नये. त्यांचे सौंदर्य त्यांच्या पोतात आहे आणि फेस माउंटिंगमध्ये तोच पोत नाहीसा होतो.

फाइल तयार करतानाच एक गोष्ट लक्षात ठेवा. माउंट केल्यावर चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढतो आणि सावल्या आणखी दाट होतात. उघड्या प्रिंटमध्ये जेमतेम दिसणारा सावलीतला तपशील अ‍ॅक्रिलिकमागे बुडू शकतो, म्हणून सावल्या थोड्या उजळ ठेवून पुढे सांगितलेला नमुना काढून पाहा.

४. तीन पद्धती समजून घ्या

कोरडी चिकट फिल्म. ही पारदर्शक अ‍ॅक्रिलिक गमाची पातळ फिल्म असते, दोन्ही बाजूंनी लायनर म्हणजे सोलून काढायचा संरक्षक कागद असलेली आणि रोलमध्ये मिळणारी. आपल्याकडील लॅबमध्ये हिला सर्रास गमिंग शीट म्हणतात. कोल्ड लॅमिनेटरच्या रोलरखालून आधी फिल्म आणि प्रिंट एकत्र केली जातात. नंतर दुसरा लायनर थोडा थोडा सोडत प्रिंट अ‍ॅक्रिलिकवर बसवली जाते. काम स्वच्छ होते, वास किंवा ओल नसते, गमाची जाडी सगळीकडे सारखी राहते. गुळगुळीत ग्लॉसी सी-प्रिंटवर कुशल हाताने केलेले हे काम उत्कृष्ट दिसते आणि बहुसंख्य वाचकांसाठी हाच व्यवहार्य पर्याय आहे.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. फिल्म द्रवासारखी वाहत नसल्याने धुळीचा प्रत्येक कण स्वतःभोवती हवेचा छोटा तंबू उभारतो आणि तो कणापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. दाणेदार पृष्ठभाग ती पूर्ण भरू शकत नाही. माउंट केल्यानंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत गम हळूहळू बसत जातो आणि हलकी चंदेरी झाक कमी होते. त्यानंतर जे उरते ते कायमचे राहते. म्हणून काम झाल्या झाल्या नाराज होऊ नका, पण आठवड्यानंतरही दिसणारी झाक ‘जाईल हळूहळू’ या आश्वासनावर स्वीकारू नका.

येथे सर्वांत मोठा सापळा फिल्मच्या दर्जाचा आहे. फलक चिकटवण्यासाठीची स्वस्त दुहेरी फिल्म आणि प्रकाशीयदृष्ट्या स्वच्छ, फेस माउंटिंगसाठीच बनवलेली फिल्म या दोन्ही रोलवर सारख्याच पारदर्शक दिसतात. फरक चिकटवल्यावर दिसतो. स्वस्त फिल्ममध्ये संत्र्याच्या सालीसारखा पोत किंवा दुधट छटा येते आणि काळानुसार ती पिवळी पडू शकते.

द्रव सिलिकॉन. स्वित्झर्लंडमधील हाइन्झ सोविला-ब्रुलहार्ट यांनी १९६९ च्या सुमारास विकसित केलेली डायासेक ही पद्धत या गटातली सर्वांत प्रसिद्ध. परवाना घेतलेल्या लॅबच ती त्या नावाने करू शकतात. आन्द्रेआस गुर्स्की आणि थॉमस रुफ यांच्यासारख्या ड्युसेलडॉर्फच्या छायाचित्रकारांनी १९८० च्या दशकापासून भिंतीएवढ्या आकाराच्या प्रिंट्ससाठी ती वापरली आणि त्यातूनच फेस माउंटिंगला कलादालनांत प्रतिष्ठा मिळाली. अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागावर आधी प्राइमर लावला जातो, मग प्रिंट आणि शीट यांच्यामध्ये पातळ सिलिकॉन सोडून रोलरच्या दाबाने जादा द्रव आणि त्याबरोबर हवा बाहेर ढकलली जाते.

द्रव असल्याने सिलिकॉन सूक्ष्म खोलगट भरून काढते, आणि घट्ट झाल्यावरही लवचिक राहत असल्याने अ‍ॅक्रिलिकचे आकुंचन-प्रसरण सोसते. फार मोठ्या प्रिंट्ससाठी हा गुण मोलाचा आहे. उलट बाजूने पाहता काम संथ, महाग आणि पूर्णपणे कारागिराच्या सवयीवर अवलंबून असते. सच्छिद्र इंकजेट लेप हा द्रव शोषून घेऊ शकतो किंवा कागदापासून सुटू शकतो, त्यामुळे इंकजेट प्रिंटसाठी त्याच कागदावरचा, त्याच शाईचा नमुना पाहिल्याशिवाय सिलिकॉन निवडू नका.

कोणी हार्डवेअरच्या दुकानातील सिलिकॉनची नळी वापरून घरीच करण्याचा सल्ला दिला तर तो मानू नका. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट घट्ट होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते, जे प्रिंटसाठी धोक्याचे आहे. शिवाय असे सीलंट हवेतील आर्द्रतेने घट्ट होते आणि दोन बाजूंनी बंद असलेल्या मोठ्या प्रिंटच्या मध्यभागी ती आर्द्रता लवकर पोचत नाही.

यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारा गम. काच जोडण्याच्या उद्योगातून आलेली ही पद्धत छोट्या, जाड अ‍ॅक्रिलिक ठोकळ्यांच्या कामात दिसते. कागद अपारदर्शक असल्याने यूव्ही प्रकाश अ‍ॅक्रिलिकमधूनच गमापर्यंत जावा लागतो. तुम्ही प्रिंटच्या रक्षणासाठी यूव्ही रोखणारी शीट घेतली असेल तर तीच गमाला अर्धवट ओला ठेवते. मोठ्या प्रिंटसाठी नवख्याने या वाटेला जाऊ नये.

५. आता निवड करा

ग्लॉसी सी-प्रिंट, लांब बाजू साधारण १०० सेंटिमीटरपर्यंत, घर किंवा छोटे प्रदर्शन: दर्जेदार कोरडी फिल्म. तशीच प्रिंट फार मोठी असेल, विक्रीसाठी असेल आणि सिलिकॉनचे काम नियमितपणे करणारी लॅब तुमच्या आवाक्यात असेल: सिलिकॉन. ग्लॉसी इंकजेट: पूर्ण सुकवून, नमुना पाहून, कोरडी फिल्म.

लस्टर कागदावर प्रिंट आधीच काढलेली असेल तर तीच ग्लॉसीवर पुन्हा काढा. हा सल्ला अनेकांना खर्चिक वाटतो, पण एकूण कामात प्रिंटचा खर्च अ‍ॅक्रिलिक आणि माउंटिंगच्या मानाने लहान असतो. मॅट किंवा सुती कागदच हवा असेल तर फेस माउंटिंग सोडून द्या आणि स्पेसर (प्रिंट आणि शीट यांच्यात अंतर ठेवणारी पट्टी) लावलेली, परावर्तनरोधी अ‍ॅक्रिलिकची फ्रेम करा. ते काम सुंदर दिसते, आणि प्रिंट कधीही बाहेर काढता येते.

६. शीट आणि पाठीमागचा आधार निवडा

शीट कास्ट म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या अ‍ॅक्रिलिकची घ्या. एक्सट्रूडेड म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली शीट स्वस्त असते आणि तिची जाडी अधिक एकसारखी असते, परंतु तिच्यात अंतर्गत ताण जास्त असतो आणि द्रावक किंवा अल्कोहोल लागले की तिच्यात बारीक तडे जाण्याची शक्यता वाढते. लेझरने कापलेल्या किंवा ज्योतीने चमकवलेल्या कडांमध्येही असा ताण उरतो. कडा यांत्रिक पद्धतीने कापून पॉलिश केलेल्या असाव्यात.

जाडी वाढवली की खोलीचा आभास वाढतो आणि वजनही वाढते. अ‍ॅक्रिलिकची घनता १.१९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी. तरीही ६० × ९० सेंटिमीटरची ५ मिलिमीटर जाड शीट सुमारे ३.२ किलो भरते, आणि मागे ३ मिलिमीटरची एसीपी शीट (दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली) लावली की एकूण वजन ५ किलोच्या वर जाते. या आकाराला ३ ते ५ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे.

आधार लावायचा की नाही, यावर माझे मत ठाम आहे: लावावा. मागची बाजू उघडी राहिली तर कागद दमट हवा शोषतो, आणि अ‍ॅक्रिलिकही पाणी थोडे शोषत असल्याने दोन बाजूंना असमान ओल मिळून शीट वाकते. मुंबई, कोकण आणि गोव्यातील पावसाळ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एसीपी सपाट राहते आणि ओल अडवते. सनबोर्ड स्वस्त आहे, पण मोठ्या आकारात तो पुरेसा ताठ राहत नाही.

मोठ्या आकारात मात्र एसीपीचाही विचार करून वापर करावा लागतो, कारण अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावते. १५० सेंटिमीटरच्या लांबीला तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले तर अ‍ॅक्रिलिक साधारण २ मिलिमीटर वाढते आणि अ‍ॅल्युमिनियम पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक मधल्या गमाला सोसावा लागतो. याच कारणाने पश्चिमेकडचे ऊन येणारी भिंत आणि उन्हाळ्यात बंद उभी केलेली गाडी या दोन जागा अशा प्रिंटसाठी टाळाव्यात.

७. लॅबकडून या गोष्टी लेखी घ्या

तोंडी बोलणे नंतर कोणालाच नीट आठवत नाही. ऑर्डर देताना कोटेशनवर किंवा बिलावर पुढील नोंदी असाव्यात:

– कागदाचे नाव, प्रिंटचा प्रकार आणि प्रिंट कोण पुरवणार
– अ‍ॅक्रिलिकचा प्रकार (कास्ट किंवा एक्सट्रूडेड), कंपनी आणि जाडी
– चिकट फिल्मचे किंवा सिलिकॉनचे पूर्ण नाव
– आधाराचा प्रकार आणि टांगण्याची व्यवस्था
– धूळ, बुडबुडे किंवा झाक दिसल्यास काम पुन्हा करून देण्याची अट आणि तिची मुदत
– प्रिंट तुम्ही दिलेली असेल तर ती खराब झाल्यास नव्या प्रिंटचा खर्च कोणाचा

शेवटच्या नोंदीवर सर्वाधिक वाद होतात. प्रिंट एका ठिकाणी आणि माउंटिंग दुसऱ्या ठिकाणी केले की दोष प्रिंटचा की चिकटवण्याचा यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. शक्य असेल तर दोन्ही कामे एकाच ठिकाणी द्या.

फाइल देताना चारही बाजूंना ५ ते १० मिलिमीटर जादा चित्र ठेवा, कारण माउंट झाल्यावर कडा कापल्या जातात. सही किंवा मजकूर कडेला असेल तर तो आत घ्या.

८. नमुना काढल्याशिवाय पूर्ण आकाराची ऑर्डर देऊ नका

८ × १० इंचांचा नमुना पुरेसा आहे, पण त्यात योग्य चित्र हवे. एक भाग सलग काळा, एक भाग जवळजवळ पांढरा, एक त्वचेच्या रंगाचा आणि एक सावलीतल्या तपशिलाचा, अशी फाइल स्वतः तयार करा. काळ्या भागात धूळ आणि चंदेरी झाक पकडता येते. पांढऱ्या भागात गमाचा पिवळेपणा आणि दुधटपणा दिसतो.

नमुना हाती आला की तो खिडकीपाशी तिरका धरून पाहा, मग समोरून दिव्याखाली पाहा. कडांना नखाने हलके चाचपून कुठे सुटते का ते पाहा. त्यानंतर तो घरात दोन-तीन आठवडे ठेवा आणि पुन्हा त्याच प्रकाशात तपासा. प्रदर्शनाची तारीख ठरवताना हा काळ आधीच धरून ठेवा. घाईत नमुना वगळला जातो आणि दोष पूर्ण आकारात समोर येतो.

९. स्वतः करणार असाल तर

कोरड्या फिल्मने लहान आकाराचे काम स्टुडिओत करता येते. लागणारे साहित्य असे: प्रिंटपेक्षा रुंद आणि दोन्ही टोकांना सारखा दाब देणारा कोल्ड लॅमिनेटर, फेस माउंटिंगची फिल्म, मास्किंग (वरचे संरक्षक आवरण) असलेली कास्ट शीट, स्थिर विद्युत घालवणारा ब्रश किंवा आयनीकरण करणारा ब्लोअर, धूळ उचलणारा चिकट रोलर, पावडर नसलेले हातमोजे, धारदार ब्लेड आणि स्टीलची पट्टी.

खोलीतला पंखा बंद ठेवा आणि फरशी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. अ‍ॅक्रिलिकचे मास्किंग ओढताच त्यावर स्थिर विद्युत तयार होते आणि ते आसपासची धूळ खेचते, म्हणून मास्किंग अगदी शेवटच्या क्षणी, सावकाश काढा. प्रिंटची पुढची कड सरळ बसवून रोलरमध्ये धरा आणि लायनर रोलरच्या अगदी जवळून मागे घेत राहा. लायनर आधीच मोठा सोडला तर प्रिंट मधे टेकते आणि तिथली हवा निघत नाही. रोलर मध्येच थांबवू नका, थांबलेल्या जागी आडवी रेघ उमटते. काम झाल्यावर २४ तास सपाट ठेवा आणि मगच कडा कापा.

हातातल्या स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या दाबणीने) मोठी प्रिंट बसवण्याचा प्रयत्न करू नका. एकसारखा दाब हाताने देता येत नाही.

१०. टांगणे, नेणे आणि पुसणे

वजन प्रिंटच्या चिकटलेल्या थरावर येऊ देऊ नका. आधाराच्या मागे, कडेपासून काही सेंटिमीटर आत, अ‍ॅल्युमिनियमची चौकट लावून घ्या आणि भिंतीवर तिला जुळणारी पट्टी बसवा. त्यामुळे भिंत आणि प्रिंट यांच्यामध्ये हवा खेळती राहते, आणि ओल धरणाऱ्या भिंतींसाठी ते आवश्यकच आहे. चार कोपऱ्यांना भोके पाडून स्टँड-ऑफ स्क्रू (शीट भिंतीपासून थोडी पुढे धरणारे स्क्रू) लावायचे असतील तर भोक स्क्रूपेक्षा मोठे ठेवा आणि स्क्रू फार आवळू नका, कारण प्रसरणाला जागा मिळाली नाही तर तडा भोकापासूनच सुरू होतो.

नेताना प्रिंट उभी ठेवा. बबल रॅपचे फुगे थेट अ‍ॅक्रिलिकला लावू नका, उष्णतेत त्यांचे ठसे उमटू शकतात. आधी मऊ फोमची शीट लावा.

यूव्ही रोखणारी शीट घेतली तरी दृश्य प्रकाशानेही रंग फिके होतात, त्यामुळे प्रिंट थेट उन्हात लावू नका. पुसण्यासाठी स्वच्छ मायक्रोफायबर कापड, पाणी आणि गरज पडल्यास सौम्य साबणाचा एक थेंब वापरा. काचेसाठीच्या क्लीनरमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असते आणि त्याने अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे जातात, त्यामुळे घरात साफसफाईला येणाऱ्या ताईंना किंवा दालनातील कर्मचाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि प्रिंटच्या मागच्या बाजूला तशी चिठ्ठीही लावा. त्याच चिठ्ठीवर कागद, फिल्म, शीट आणि माउंट केल्याची तारीख लिहा. काही वर्षांनी तीच प्रिंट पुन्हा करायची झाली तर ही माहिती लागते.